शिळ्या पाण्याचा बंदोबस्त

९ फेब्रुवारी, रविवार

"आप्पा, तुम्ही दिवसभर बोलता त्यातलं निम्मं जरी लिहून काढलंत, तरी घर जरा शांत होईल," असं ऋतुजा म्हणाली. सुनेनं सासऱ्याला असं बोलावं का, हा प्रश्न निराळा. सूचना मात्र योग्य वाटली. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारले, त्यातली शेवटची आठ अधीक्षक म्हणून. आता स्वतःचं टिपण लिहायला हरकत नाही.

निमित्तही तसंच आहे. 'हरित नगर प्रतिष्ठान' नावाच्या संस्थेनं शहरात 'सहजीवन गल्ली' ही स्पर्धा लावली आहे. निसर्गाशी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गुण्यागोविंदानं राहणारी गल्ली शोधायची आणि तिला ढाल द्यायची. एकूण शंभर गुण, परीक्षण ४ मे रोजी. फॉर्म मी कालच जाऊन आणला. घाई करणं भागच होतं, कारण समोर जोतिराम गुरुजी राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, पण जिथंतिथं अध्यक्ष व्हायची हौस. मला तसली हौस नाही, म्हणून मी आधीच अध्यक्ष झालो.

आज पाण्याचा दिवस होता. आमच्याकडे पाचव्या दिवशी नळ येतो. ऋतुजानं नेहमीप्रमाणे पिंपातलं शिल्लक पाणी मागच्या मोरीत ओतलं, पिंपं खळखळून धुतली आणि ताजं पाणी भरलं. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही, ही माझ्या बायकोची, मथुराची शिस्त. ती जाऊन दोन वर्षं होतील, पण सून पाळते. बावीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मी घरात नियम केला होता, की एक थेंबसुद्धा कंपाउंडच्या बाहेर जाणार नाही. कोणी दारात घागर घेऊन आलं तरी नाही. मथुरा एका शब्दानं बोलली नाही. उलट त्याच आठवड्यात तिनं हे शिळ्या पाण्याचं व्रत धरलं. देवाला चालत नाही म्हणाली. देवाधर्माच्या गोष्टीत मी कधी आडवा आलो नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रतिष्ठानच्या सभागृहात व्याख्यान झालं. वक्ते डॉ. उदयसिंह, हेच परीक्षकसुद्धा आहेत, म्हणून पहिल्या रांगेत बसलो आणि मान डोलावत राहिलो. पडद्यावर चित्रं दाखवून ते म्हणाले, "आपल्या भागात बायका दर पाण्याच्या दिवशी चांगलं पाणी शिळं म्हणून ओतून देतात. याच्यासारखा गुन्हा नाही! पाणीबचतीला चाळीस गुण आहेत, लक्षात ठेवा."

मला दरदरून घाम फुटला. म्हणजे बावीस वर्षं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत गुन्हा चालू होता. आणि मी देवधर्म समजून गप्प! मथुरावर नाही म्हटलं तरी राग आला. मग ती नाही हे आठवलं आणि राग कुठं ठेवावा ते कळेना.

घरी येऊन ऋतुजाला सुनावलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "आप्पा, सासूबाई उगाच काही करत नव्हत्या." म्हटलं, "उगाचच करत होत्या." तिनं पोळी तव्यावर टाकली. पटलं असावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आमच्या ओसरीवर सभा. बावीस घरांपैकी सोळा घरं हजर. मी चाळीस मिनिटं बोललो. ठराव एकमतानं मंजूर: गल्लीत यापुढे कोणीही शिळं पाणी ओतणार नाही. जो ओतेल त्याचा बादलीसकट फोटो काढून 'सहजीवन गल्ली – अधिकृत' या ग्रुपवर टाकायचा, खाली एकच शब्द: जलद्रोही. हा शब्द माझा. गुरुजींनी 'जलशत्रू' सुचवला होता, तो फेटाळला.

शेजारची मदिनाबी भिंतीपाशी उभी राहून ऐकत होती. नवरा वारला, मुलगा कासीम रिक्षा चालवतो, घरात सात माणसं आणि एकच पिंप. साधी बाई आहे. सभा संपल्यावर म्हणाली, "आप्पा, समद्यांचंच बंद? तुमच्या घरचंबी?"

"माझ्या घरचं तर सगळ्यात आधी," मी म्हणालो.

ती भिंतीकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. डोळे भरल्यासारखे वाटले. माझं बोलणं साध्या माणसांच्या काळजाला जातं, हे मला कचेरीतही जाणवायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बंदीनंतरचा पहिला पाण्याचा दिवस. ऋतुजा म्हणाली, "मागच्या पिंपात दीडेकशे लिटर शिल्लक आहे. ओतू का?" म्हटलं, "खबरदार!" तेच पाणी ठेवलं, वर ताजं भरलं. मथुराला एक सवय होती, लागतं त्याच्यापेक्षा दोन पिंपं जास्तच भरायची आणि मग शिळं झालं म्हणून ओतायची. अव्यवहारी बाई! दोन पिंपं आजच काढून टाकली, भंगारवाल्याला दिली.

पहिला जलद्रोही सापडला. कोपऱ्यावरची निंगव्वा, वय सत्तरीच्या पुढे. कळशी घेऊन कडुलिंबाच्या बुंध्याशी उभी. मी फोटो काढला तर म्हणते, "येन माडोदु आप्पा, काय करायचं? गटारात न्हाय वतलं, झाडालाच घातलं की."

मी शांतपणे सांगितलं की ठरावात कडुलिंबाचा उल्लेख नाही.

फोटो टाकला. एकोणीस अंगठे आले. म्हातारी फोटोत हसते आहे, त्यामुळे हवा तेवढा परिणाम झाला नाही.

२ मार्च, रविवार

मागच्या मोरीला भिंतीच्या तळाशी एक भोक आहे. ओतलेलं पाणी त्यातून पलीकडे मदिनाबीच्या अंगणात जायचं. आता ओतणंच बंद, तर भोक कशाला? शिवाय त्यातून घुशी येतात, स्वच्छतेचे दहा गुण जातील. येडू गवंड्याला बोलावलं.

येडू खाली वाकून बघत बसला. "आप्पा, हे भोक पडलेलं न्हाय. ठेवलेलं हाय. आत पन्हाळ बसवलीय, उताराची. मीच बसवलीय की. बाईंनी मला सांगितलं हुतं, येडू, असं कर की पाणी नीट..."

कामाच्या वेळी गप्पा मारणारा माणूस मला चालत नाही. म्हटलं, "येडू, तू तोंड चालवायला आलायस की थापी?" मग गप्प बसून त्यानं सिमेंट भरलं. जाताना भिंतीवरून पलीकडच्या लिंबाच्या झाडाकडे बघून मान हलवली. त्याला बहुधा लिंबं हवी होती.

लिंबांचं आठवलं म्हणून लिहून ठेवतो. मदिनाबीकडून दर उन्हाळ्यात, एप्रिल लागला की आठवड्याला पिशवीभर लिंबं भिंतीवरून येतात. पातळ सालीची कागदी लिंबं, रस धरून असलेली. तिच्या नवऱ्याच्या रेशनकार्डाचं काम मी एकदा करून दिलं होतं. माणसं उपकार विसरत नाहीत. मी दरवेळी नको म्हणतो आणि मग घेतो.

१२ मार्च, बुधवार

भिंतीपलीकडच्या त्या झाडाची फुलं आणि मिरीएवढी कच्ची लिंबं आमच्या फरशीवर पडतात. रोज झाडावं लागतं. मदिनाबीला सांगितलं, "झाडाला जरा शिस्त लावा." ती म्हणाली, "झाड हाय आप्पा. आपसूक गळतंय." रोजे चालू आहेत, थकलेली दिसली. म्हणून जास्त बोललो नाही.

ऋतुजात मात्र चांगला बदल आहे. तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी बादलीत साठवते, संध्याकाळी गच्चीवर नेते आणि रिकामी बादली घेऊन खाली येते. विचारलं तर म्हणाली, "पाखरांना." रोज बादलीभर पाणी पाखरांना! कोणती पाखरं एवढी पितात देव जाणे. पण माझ्या विचारांचा परिणाम घरातच दिसतोय, याचं समाधान आहे. फॉर्मच्या 'पक्षी व प्राणी' या रकान्यात नोंद केली.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा, आज ईद, आणि आजच पाण्याचाही दिवस. गुढीला कडुलिंबाचा डहाळा मिळायला यंदा त्रास झाला. कोपऱ्यावरचं झाड खालून खराट्यासारखं झालंय. निंगव्वा काठी टेकत बघत उभी होती. हवामान बदललंय, दुसरं काय.

मदिनाबी शीरखुर्मा घेऊन आली. मथुरा असताना दोघी मागच्या दारात भिंतीच्या दोन बाजूंना बसून तासन्तास बोलायच्या. काय बोलायच्या मी कधी विचारलं नाही. बायकांचं बोलणं. आज मदिनाबी मागच्या दारापर्यंत गेली, सिमेंट भरलेली जागा बघितली, तिथं हात लावला आणि परत आली.

मी सहज म्हणालो, "यंदा लिंबं कधी?"

"औंदा न्हाईत, आप्पा."

"एवढ्या मोठ्या झाडाला लिंबं नाहीत?"

"न्हाईत," म्हणाली आणि ताट घेऊन गेली.

ऋतुजा माझ्याकडे अशी बघत होती जणू मीच काही चुकलोय. शीरखुर्मा उत्तम होता.

११ एप्रिल, शुक्रवार

लिंबं नाहीत.

म्हणजे देणार नाहीत, असंच ना? इतकी वर्षं दिली, आणि ज्या वर्षी गल्लीच्या सहजीवनासाठी मी जिवाचं रान करतोय नेमक्या त्याच वर्षी हात आखडला. माझा उत्कर्ष सहन होत नाही, दुसरं काय! गुरुजींनी कान भरले असतील. आज मंडईतून लिंबं आणली, पिळली तर आत नुसती साल. सरबत आंबट नाही, गोड नाही, मेणचट. बायको गेली, आता लिंबंही गेली. हे वाक्य लिहायचं नव्हतं, पण पेनानं लिहिलंय, आता खोडत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

ऊन त्रेचाळीसवर. मोठ्या मनानं झालं गेलं विसरायचं ठरवलं आणि मदिनाबीकडे गेलो. सांगितलं, परीक्षण जवळ आलंय आणि हे झाड भिंतीवरून थेट दिसतं. पानं पिवळी, वळकटी झालेली, निम्म्या फांद्या उघड्या. गल्लीचे हिरवाईचे गुण जातील. ती ऐकत होती. मग मी प्रतिष्ठानचं पत्रक दिलं, 'आपले झाड कसे जगवाल'. तिची नात समरा चौथीत आहे, तिनं खणखणीत आवाजात वाचलं, "एक. झाडास नियमित पाणी द्यावे."

मदिनाबी म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, आप्पा. आमाला म्हाईतच नव्हतं."

बघा, साध्या गोष्टी माणसांना माहीत नसतात. म्हणून तर लोकशिक्षण लागतं.

४ मे, रविवार

परीक्षण झालं. पहिला क्रमांक आपला!

हे वाक्य दोनदा लिहावंसं वाटत होतं, पण काहीतरी बिघडलंय, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

डॉ. उदयसिंह दोन सहकाऱ्यांसह आले. निंगव्वाच्या फोटोची प्रत पाहून म्हणाले, "वा, लोकसहभाग!" मोरीचं बुजवलेलं भोक दाखवलं, टिकमार्क केला. सरबत मागितलं. मी व्याख्यानाच्या दिवशीच मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो की आमच्या लिंबाचं सरबत पाजतो. ऋतुजानं बाटलीतलं, लिंबाच्या चवीचं आणून ठेवलं, पोपटी रंगाचं. तोंडावरची रेषही हलली नाही तिच्या.

मी गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर गल्लीच्या हिरवाईचा एक जुना फोटो, तीन वर्षांपूर्वी मुलगा शिवराज पुण्याहून आला तेव्हा त्यानं मोबाईलवर काढलेला. मागे भिंतीवरून अंगणात ओथंबलेलं लिंबाचं झाड, फांद्या वाकलेल्या. पुढे मथुरा, मोरीपाशी. झाड छान आलंय म्हणून मी तो निवडला होता. शेजारी गेल्या आठवड्यात काढलेला माझा फोटो, ठरावाच्या फलकासह, त्याच भिंतीपुढे.

डॉ. उदयसिंह दोन्ही फोटोंपुढे थांबले. "या कोण?"

"माझी पत्नी. आता नाही."

"यांच्या हातात बादली आहे. म्हणजे हे शिळं पाणी ओतताहेत, बरोबर? अतिशय प्रभावी मांडणी!" मग सगळ्या गल्लीकडे वळून काठीनं दाखवत म्हणाले, "हा बघा, पूर्वीचा अपव्यय. आणि ही बघा, आजची शिस्त."

काठी आधी हिरव्यागार झाडावर टेकली होती. मग माझ्या फोटोवर आली, ज्याच्या मागे तेच झाड, काड्या झालेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलेना.

पाणीबचत चाळीसपैकी चाळीस. हिरवाई पंधरा, "फोटोत दिसली" म्हणून. शेजारसंबंध वीसपैकी वीस, कारण गल्लीतून एकही तक्रार नाही. ढाल पुढच्या रविवारी, ११ तारखेला, सभागृहात.

सगळे गेल्यावर मी फ्लेक्सजवळ जाऊन चष्मा लावून पाहिलं. इतकं मोठं केल्यावर मथुराचा चेहरा दिसतो. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. भोकाकडे बघतेय, पाणी गेलं का बघतेय. आणि हसतेय, चोरी साधल्यावर माणूस हसतं तसं.

८ मे, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. शेरा मारायचा नाही असं ठरवलंय.

सकाळी मदिनाबी आली. मागे कासीम, हातात कुऱ्हाड. ती म्हणाली, "आप्पा, झाड काढतोय. फांद्या तुमच्या फरशीवर पडत्याल. इचारायला आलोय."

मी म्हणालो, "एवढं जुनं झाड का काढता?"

"वाळलंय की."

"पाणी नाही घातलंत?"

कासीम दुसरीकडे बघायला लागला. मग ऋतुजा आतून आली आणि म्हणाली, "चाची, आता सांगा. झाडच चाललंय, आता लपवून काय करायचं?"

मदिनाबी पायरीवर बसली. म्हणाली, "बाईंनी शपथ घातली हुती, झाड हाय तवर बोलायचं न्हाय."

बावीस वर्षांपूर्वी, त्या दुष्काळात, कासीमच्या धाकट्या बहिणीच्या वेळची ती ओली बाळंतीण होती. घागर घेऊन आमच्या दारात आली. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. मी म्हणालो, एक थेंब बाहेर जाणार नाही, नियम म्हणजे नियम. मला ही बाई आठवतच नाही. घागर आठवते, पितळेची, पोचा पडलेली. बाई कोण होती ते मी पेपरवरून मान वर करून बघितलंच नव्हतं.

"मी गेले," मदिनाबी म्हणाली, "आन् दुसऱ्या दिवशी बाई मागल्या भिंतीवरनं बोलल्या, मदिना, मालकांचं पाणी मला कुणाला देता येत न्हाय. पर शिळं पाणी मला वतावंच लागतंय, त्याला मालकबी न्हाय म्हणायचे न्हाईत. तू खाली घागर लाव. मग येडूला बोलवून भोक पाडलं. पैलं साल मी त्या भोकाखाली घागर लावून पाणी पेले, आप्पा. माझं लेकरू त्याच पाण्यावर जगलं. कसलं शिळं? सकाळी नळाचं भरलेलं, दुपारी वतायच्या."

मी मागच्या दाराकडे वळून बघितलं.

"दुष्काळ सरला. मग बाईंनी मंद्रूपच्या बाजारातनं लिंबाचं रोप आणलं. तुमच्या अंगणात तर सगळी फरशी. बाई म्हणाल्या, माझ्याकडं माती न्हाय, तुझ्याकडं पाणी न्हाय. तुझ्याकडं लावू. झाड बाईंचंच हाय, आप्पा. म्या राखण केली निस्ती. लिंबं तुमच्याच झाडाची यायची तुमच्याकडं."

आणि मी रेशनकार्ड समजत होतो.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?" मी ऋतुजावर ओरडलो. खरं तर ओरडायचं नव्हतं.

"तेरा फेब्रुवारीला सांगत होते," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, उगाचच करत होत्या. मग रोज बादली बादली गच्चीवरून घालत होते. एका बादलीनं काय होणार, आप्पा?"

पाखरं. फॉर्मच्या रकान्यात मी पाखरं लिहिली आहेत.

मी कासीमला म्हणालो, कुऱ्हाड ठेव. मदिनाबीनं खोडाला नख लावून साल खरवडली. खाली बारीक हिरवी रेघ होती. "वलावा हाय अजून," ती म्हणाली, "पर लई दिस न्हाय निघायचे."

मथुरे, तू मला सांगितलं असतंस तर मी दिलं असतं पाणी. हे लिहिलं आणि वाचलं. खोटं आहे. दिलं नसतं. तुला माहीत होतं म्हणून तर तू सांगितलं नाहीस. वीस वर्षं माझ्या घरात राहून तुला माझ्यापासून पाणी लपवावं लागलं, याची मला लाज वाटते.

९ मे, शुक्रवार

येडूला बोलावलं. सिमेंट कडक झालंय, छिन्नीनं फोडायला दोन तास लागले. पन्हाळ शाबूत निघाली.

येडू म्हणाला, "तवाच सांगत हुतो की."

मी म्हणालो, "तवा मी ऐकत नव्हतो."

हे एवढंसं वाक्य म्हणायला मला फार वेळ लागला. येडू थापी हातात धरून थांबला होता बिचारा.

निंगव्वाचा फोटो ग्रुपवरून काढायला गेलो, पण इतक्या दिवसांनी तो सगळ्यांच्या फोनमधून निघत नाही म्हणे. तेव्हा तिच्या घरी गेलो आणि हात जोडले. तिनं कन्नडमध्ये बरंच काही सुनावलं. एक अक्षर कळलं नाही. पाच मिनिटं उभं राहून ऐकलं. शेवटी कळशी माझ्या हातात दिली आणि कडुलिंबाकडे बोट केलं.

भंगारवाल्याकडे गेलो. एक पिंप विकलं गेलं होतं, एक परत मिळालं.

१० मे, शनिवार

सकाळी सात वाजता नळ आला.

ऋतुजा पिंप धुवायला लागली. मी म्हटलं, थांब. पिंपात मागचं पाणी तांब्याभरही शिल्लक नव्हतं, या उन्हात शिल्लक कुठून राहणार? म्हणून नळाखाली बादली लावली, पहिल्या धारेची. पाणी इतकं ताजं की बादलीला हात लावला तर गार लागत होतं.

मागच्या दाराशी आलो तर समोरच्या गच्चीवर जोतिराम गुरुजी, मोबाईल हातात घेऊन. तीन महिने वाट बघत असावेत. ओरडले, "अध्यक्ष, बादली कुठं निघाली? उद्या ढाल घ्यायचीय ना? ठराव तुमचाच आहे!"

उद्याचं सभागृह डोळ्यांपुढे आलं. पहिली रांग, हार, ढाल, डॉ. उदयसिंह हात मिळवताहेत. खरं सांगतो, बादली क्षणभर जड झाली. ढाल मला हवी होती. अजूनही हवी आहे.

"काढा फोटो, गुरुजी," मी म्हणालो. "बादली नीट येऊ द्या. खाली शब्द आठवतोय ना? तोच लिहा, दुसरा नको."

त्यांनी मोबाईल वर धरला. मग का कोण जाणे, खाली केला आणि आत गेले. पाच मिनिटांनी स्वतःच्याच घरची बादली घेऊन कोपऱ्यावरच्या कडुलिंबाकडे जाताना दिसले. आता त्यांनी तिथंही अध्यक्ष होऊ नये म्हणजे मिळवली.

मी मोरीपाशी बसलो. गुडघे दुखतात, बसायला वेळ लागतो. मथुरा दर पाण्याच्या दिवशी बसायची. बादली टेकवली आणि भिंतीपलीकडे हाक मारली.

"मदिनाबी! पाणी शिळं झालंय. ओतू का?"

नळ वाहत होता तो सगळ्या गल्लीला ऐकू येत असणार. मग अगदी भिंतीजवळून, खाली बसल्यासारखा, तिचा आवाज आला.

"वता की, आप्पा. शिळ्याबिगर त्या झाडाला चालत न्हाय."